आधी झाडांचा नकाशा

१९०४ सालच्या ऑगस्टमध्ये बर्लिनला खेटून असलेल्या शार्लोटनबुर्ग शहरात एक वेगळीच शाळा भरू लागली. शहराबाहेरच्या पाइनच्या जंगलात काही लाकडी बराकी, पावसापुरता आडोसा देणारी शेड आणि झाडांखाली मांडलेली बाके, एवढाच तिचा संसार. पटावरची मुलेही वेगळी होती. दाटीवाटीच्या वस्तीतून आलेली, रक्त कमी असलेली, किडकिडीत, आज ना उद्या क्षयाच्या तावडीत सापडतील अशी. क्षयावर गुणकारी औषध हाती यायला अजून चाळीस वर्षे होती. डॉक्टरांकडे देण्यासारखे होते ते ऊन, मोकळी हवा, पोटभर जेवण आणि दुपारची विश्रांती. अभ्यास बेताचाच होता आणि तोही जमेल तेव्हा झाडांखाली.

ही कल्पना युरोपभर पसरली. पॅरिसजवळच्या सुरेन गावात बोदुआँ आणि लोद या वास्तुकारांच्या जोडीने १९३०च्या दशकात झाडीच्या उतारावर वर्गांचे सुटे सुटे मंडप बांधले. त्यांच्या तीन बाजूंच्या काचेच्या भिंती घडी करून बाजूला सारता येत. पुढे प्रतिजैविके आली, क्षयाचा धाक ओसरला आणि अशा शाळांमागचे वैद्यकीय कारण संपले.

वास्तुकारांच्या पदरात मात्र एक धडा पडला होता. झाडांमध्ये शाळा बांधायची तर नेहमीची शाळा तिथे नेऊन ठेवून चालत नाही. लांबलचक व्हरांडा, त्याला ओळीने खोल्या आणि पुढे सपाट केलेले पटांगण हा आराखडा माळरानावर खपून जातो. राईत तो आणला की आधी झाडे जातात, मग उतार जातो, मग पावसाच्या पाण्याची जुनी वाट बुजते. आणि इमारतीचे उद्घाटन झाले की त्याच जागी पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण होते.

झाडीत मिसळणारी इमारत म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे हिरव्या रंगाच्या भिंती, सिमेंटचे खोटे ओंडके आणि वेल चढवलेली कमान येते. ती झाली सजावट. शाळा झाडीत खरोखर मिसळली की नाही, हे तीन ठिकाणी तपासता येते: मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीच्या खाली आणि छपराच्या कडेला.

मुलाच्या उंचीची शाळा

शिकागोच्या उत्तरेला विनेट्का नावाचे उपनगर आहे. तिथले शिक्षणप्रमुख कार्लटन वॉशबर्न यांनी प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकू देण्याची पद्धत रुजवली होती. नव्या प्राथमिक शाळेचे काम फिनलंडहून अमेरिकेत आलेले ज्येष्ठ वास्तुकार एलिएल सारिनेन, त्यांचा मुलगा एरो आणि पर्किन्स, व्हीलर अँड विल ही शिकागोची नवखी कंपनी यांनी मिळून केले. कंपनीतले लॅरी पर्किन्स आराखड्याला हात घालण्याआधी जुन्या शाळांच्या वर्गांत मागे जाऊन बसत. मुले कुठे घुटमळतात, शिक्षिका कुठे उभ्या राहतात, पसारा कुठे साठतो, हे पाहत. शिक्षकांनीही आपल्याला काय हवे ते लेखी कळवले होते. १९४० मध्ये क्रो आयलंड शाळा उघडली. तिच्या शेजारची राईही याच नावाची.

ही शाळा विटांची आणि बैठी. प्रत्येक वर्ग इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा. मोठ्या भागात शिकणे, लहान भागात चिखल-रंगांचे काम, शेजारी त्याच वर्गाचे स्वच्छतागृह. एलच्या दोन बाजूंमध्ये जो कोपरा उरतो ते त्या वर्गाचे स्वतःचे अंगण, आणि वर्गातून थेट त्यात उघडणारे दार. बाहेर पडायला घंटा नको, जिना नको, लांबलचक व्हरांडाही नको. बी रुजत घालायचे असो की मुंग्यांची रांग पाहायची असो, चार पावलांत काम होते.

उंचीचा विचार तर पावलोपावली दिसतो. त्या काळी अमेरिकी शाळांत छत १२ फूट उंच ठेवायची रीत होती. इथे ते ९ फुटांवर आणले. दिव्यांची बटणे मुलांच्या हाताला येतील अशी लावली. सभागृहात पुढच्या रांगांमधल्या खुर्च्या लहान, मागे जावे तशा मोठ्या. खिडक्यांना बसायला कट्टे आहेत, आणि कट्ट्यावर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला बाहेरची झाडे मान उंच न करता दिसतात.

आपल्याकडे वर्गाच्या खिडकीचा खालचा काठ बहुधा तीन-साडेतीन फुटांवर असतो. जमिनीवर सतरंजी टाकून बसलेल्या पहिलीतल्या मुलाला त्यातून दिसते ते फक्त आभाळ, किंवा समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. बाहेर राई असली तरी त्या मुलापुरती ती नसल्यासारखीच.

खिडकीतून झाडे दिसल्याने काय बिघडते किंवा सुधारते, याची तपासणीही झाली आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील डोंगयिंग ली आणि विल्यम सलिव्हन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच माध्यमिक शाळांमधले ९४ विद्यार्थी होते. काहींना खिडकी नसलेल्या वर्गात बसवले, काहींच्या खिडकीबाहेर इमारती होत्या, काहींच्या खिडकीबाहेर झाडी. सगळ्यांना डोके शिणवणारी कामे दिली, मग थोडी विश्रांती. विश्रांतीनंतर झाडी दिसणाऱ्या वर्गातल्या मुलांची एकाग्रता इतरांपेक्षा चांगली परतली आणि ताणही लवकर उतरला. गंमत म्हणजे, विश्रांतीआधी तिन्ही गटांत असा फरक नव्हता. म्हणजे झाडे दिसल्याने धडा आपोआप सोपा होत नाही, पण शिणलेले डोके लवकर ताळ्यावर येते. सुट्टीतही मुलांना वर्गातच कोंडणाऱ्या शाळांना हा मुद्दा विशेष लागू आहे.

जमिनीखालचा आराखडा

तोडले नाही म्हणजे झाड वाचले, हा बांधकामावरचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. झाडे कुऱ्हाडीने मरतात त्याहून अधिक गुपचूप मरतात ती खोदकामाने. झाडाची बहुतेक अन्नपाणी शोषणारी मुळे खोल नसतात. ती वरच्या दोन-तीन फूट मातीतच आडवी पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. त्यांच्यावर भरावाची माती टाकली की त्यांना हवा मिळत नाही. वाळूचे ट्रक आणि मिक्सर फिरले की माती दबून घट्ट होते. पायाचा चर गेला की एका बाजूची मुळे साफ कापली जातात. झाड लगेच वाळत नाही. त्याला काही वर्षे लागतात, आणि तोवर कंत्राटदार बिल घेऊन गेलेला असतो.

ब्रिटनमध्ये बांधकामाच्या जागेवरील झाडांसाठी बीएस ५८३७ हे मानक वापरतात. त्यातला ठोकताळा सोपा आहे. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर, खोडाचा व्यास मोजायचा. त्याच्या १२ पट त्रिज्येचे वर्तुळ झाडाभोवती आखायचे आणि त्याच्या आत खोदकाम, भराव, वाहने, सिमेंटची कालवणी असे काहीही करायचे नाही. एखाद्या आंब्याच्या खोडाचा घेर टेपने २ मीटर भरला, तर व्यास होतो साधारण ६४ सेंटिमीटर आणि वर्तुळाची त्रिज्या साडेसात मीटरहून थोडी जास्त. जागेवर चुन्याने ते वर्तुळ काढले की डोळे उघडतात. एका आंब्याला दोन वर्गखोल्यांहून मोठी जागा लागते.

मग झाडांच्या जवळ बांधायचेच नाही का? बांधता येते, पण पाया बदलावा लागतो. सलग चर खोदून दगडी जोते घालण्याऐवजी मोजके खांब घ्यायचे, त्यांचे खड्डे हाताने खोदायचे आणि जाड मूळ लागले तर खांब सरकवायचा. वर तुळया टाकून फरशी जमिनीपासून उचलायची. खालून हवा खेळते, पाणी मुरते आणि मुळे जागच्या जागी राहतात.

टोकियोजवळच्या ताचिकावा इथली फुजी बालवाडी हे झाडांना खेटून बांधण्याचे जगभर नावाजलेले उदाहरण आहे. २००७ मध्ये ताकाहारू आणि युई तेझुका या वास्तुकार दांपत्याने ती बांधली. इमारत एका मोठ्या लंबवर्तुळाच्या आकाराची, आणि तिच्या छतावर मुलांनी गोल गोल धावायचे. जागेवर झेल्कोव्हाची तीन जुनी झाडे होती, सुमारे २५ मीटर उंचीची. ती तोडली नाहीत आणि कुंपण घालून बाजूलाही ठेवली नाहीत. खोडे वर्गातून उगवल्यासारखी छताला भेदून वर गेली आहेत. छतात खोडांभोवती जे खड्डे उरले त्यांवर दोरीची जाळी ताणली आहे. छतावर धावणारे मूल त्या जाळीत जाऊन बसते, फांदीला हात लावते. खालच्या वर्गांचे छत जेमतेम २.१ मीटर उंच आहे, त्यामुळे वर असलेली मुले आणि खाली असलेले शिक्षक एकमेकांना सहज हाक मारू शकतात. बाहेरच्या भिंती सरकत्या आहेत आणि वर्षातला बराच काळ त्या उघड्याच असतात.

छताला भोक पाडून झाड ठेवणे छायाचित्रात सोपे दिसते. झाड दरवर्षी जाड होते, वाऱ्यात डोलते आणि पावसाचे पाणी खोडावरून धो-धो खाली आणते. त्यामुळे छत आणि खोड यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवावी लागते आणि खाली पाण्याला वाट द्यावी लागते. खोडाभोवती सिमेंटची कडी घट्ट बसवणारा गवंडी झाडाचा गळा आवळत असतो.

पाच मैलांच्या आत

लॉरी बेकर यांचे नाव घेतल्याशिवाय भारतात हा विषय पुरा होत नाही. १९१७ मध्ये बर्मिंगहॅमला जन्मलेला हा क्वेकर पंथाचा वास्तुकार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमध्ये रुग्णसेवा करून मायदेशी परतत होता. जहाजाची वाट पाहत मुंबईत मुक्काम लांबला आणि तिथे त्याची गांधीजींशी गाठ पडली. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून उभे राहावे, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी आयुष्यभर बाळगला. ते भारतात परत आले, पिथौरागडच्या डोंगरात राहिले आणि पुढे केरळमध्ये स्थिरावले.

तिरुअनंतपुरममधल्या उल्लूर टेकडीवरची सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संशोधन संस्था त्यांच्या कामाचा कळस मानली जाते. १९७०च्या दशकात सुमारे १० एकरांत ती उभी राहिली. टेकडी सपाट केलेली नाही. उताराप्रमाणे इमारती पायऱ्या-पायऱ्यांनी चढतात. वाटेत झाड आले तिथे भिंत वळली. वळणदार भिंतीत त्यांना दुहेरी फायदा दिसे: झाड वाचते आणि वळणामुळे विटांची पातळ भिंतही स्वतःच्या बळावर ताठ उभी राहते. बेकर जागेवर येत, गवंड्यांबरोबर उभे राहत आणि बरेचसे निर्णय तिथल्या तिथे घेत. कार्यालयात बसून काढलेल्या नकाशात न दिसलेले झाड त्यांना असे जागेवर दिसायचे.

त्यांच्या विटांच्या जाळ्या प्रसिद्ध आहेत. खिडकीची चौकट, काच, गज यांचा खर्च वाचवून विटांमध्येच भोके ठेवायची. वारा आत येतो, ऊन चाळून येते आणि झाडांच्या सावल्या फरशीवर हलत राहतात. भिंत रचताना विटा आडव्या न ठेवता उभ्या कडेवर ठेवण्याची, मध्ये पोकळी सोडणारी रचना त्यांनी रुळवली. तिला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. तिच्यात विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि आतली पोकळी उष्णता अडवते.

कोट्टायमजवळची पल्लिकूडम ही शाळाही बेकर यांनीच रचली. ख्रिस्ती स्त्रियांच्या वारसाहक्कासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून १९८६ मध्ये जिंकलेल्या मेरी रॉय यांनी १९६७ मध्ये ही शाळा सुरू केली, तेव्हा तिचे नाव कॉर्पस क्रिस्टी होते. जागा तीव्र उताराची. बेकर यांनी तो उतारच शाळेचा कणा मानला; वर्ग, कट्टे आणि पायऱ्या टेकडीला धरून बसवल्या.

कोकणात पाच मैलांचा हिशेब केला तर जांभ्याचे चिरे, मंगलोरी कौले आणि माणगा बांबू हाताशी येतात. सह्याद्रीच्या माथ्यावर कारवीच्या कुडाला मातीचा लेप देऊन भिंती करण्याची जुनी रीत आहे. हे सामान जागेच्या रंगाशी आपसूक जुळते. वेगळा रंग लागत नाही.

छपराची कड

राईतल्या शाळेचे हाल होतात ते पहिल्या पावसाळ्यात. पन्हळीत पाने साठतात, पाणी उलट भिंतीत शिरते. दाट सावलीत ऊन पोहोचत नाही म्हणून भिंती ओल धरतात, वह्यांना बुरशी येते. म्हणून छप्पर उतरते आणि वळचण चांगली रुंद हवी. पन्हळ लावायची असेल तर रुंद, हात पोहोचेल अशी. नाहीतर ती गाळून टाकावी आणि पागोळ्या जिथे पडतात तिथे गोट्यांनी भरलेला चर काढावा. निदान एका बाजूला सकाळचे ऊन भिंतीला लागेल, अशी जागा निवडावी.

दाट झाडीत उजेडही कमी पडतो. वर्गाला समोरासमोरच्या दोन भिंतींतून उजेड मिळाला तर दिवसा दिवे लावावे लागत नाहीत. मोठ्या काचा मात्र विचारपूर्वक लावाव्यात. काचेत झाडांचे प्रतिबिंब पडते आणि पक्षी त्याला खरी राई समजून आदळतात. खोल पडवी किंवा जाळी असली की हा धोका बराच कमी होतो. माकडे कौले सरकवतात, वड-उंबराची रोपे भिंतीच्या फटीत रुजतात, पालापाचोळ्याच्या ढिगात विंचूकाटा असतो. यासाठी वर्षातून दोनदा छप्पर पाहणे, वाळक्या फांद्या जाणकाराकडून उतरवणे आणि वर्गाभोवती दोन हात जागा लोटलेली ठेवणे, एवढी शिस्त लागते. ज्या शाळेच्या अंदाजपत्रकात देखभालीचा रकाना कोरा असतो, तिने राईत जाऊ नये.

नैसर्गिक सामानाचे आकर्षण वाढले आहे, म्हणून आगीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमला एका शाळेच्या स्वयंपाकघरातून निघालेली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळांना अग्निसुरक्षेबाबत आदेश दिले. गवताचे छप्पर बसण्याच्या खुल्या मंडपाला एक वेळ चालेल, पण स्वयंपाकाची चूल त्यापासून दूरच हवी आणि प्रत्येक वर्गाला बाहेर पडायला दोन वाटा हव्यात. बैठ्या इमारतीत आणि स्वतःचे अंगण असलेल्या वर्गात ही सोय मुळातच असते.

बांबूच्या बाबतीत बालीच्या ग्रीन स्कूलने पुष्कळ वाट मोकळी केली. जॉन आणि सिंथिया हार्डी यांनी आयुंग नदीकाठच्या झाडीत २००८ मध्ये ती सुरू केली. तिथले वर्ग बहुतांश बिनभिंतींचे आहेत. २०२१ मध्ये तिथे आर्क नावाची व्यायामशाळा झाली. तिच्या १४ मीटर उंच बांबूच्या कमानी १९ मीटरचा पल्ला मध्ये एकही खांब न घेता पार करतात. कच्च्या बांबूत साखर असते आणि भुंगेरे तिच्यावर तुटून पडतात; म्हणून तो बोरॅक्सच्या द्रावणात मुरवून घ्यावा लागतो. पाऊस आणि जमिनीची ओल यांपासून दूर ठेवला तर तो टिकतो. आपल्याकडे बांबूची शेड दोन पावसाळ्यांत बसते त्यामागे बहुधा न मुरवलेला बांबू आणि मातीत पुरलेली बुडे ही दोनच कारणे असतात.

राई नसेल तर

शांतिनिकेतनचे नाव काढले की आम्रकुंजात झाडाखाली अर्धवर्तुळात बसलेली मुले आठवतात. देवेंद्रनाथ टागोरांनी १८६३ मध्ये बीरभूममधली ती जागा घेतली तेव्हा तिथे धूप झालेली लाल जमीन होती आणि मोजकी झाडे; त्यांतली दोन सातविणीची. राई लावली गेली, वाढवली गेली. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये पाच विद्यार्थ्यांसह शाळा सुरू केली तेव्हा सावली तयार होती आणि वर्गासाठी इमारतीची घाई नव्हती. १९२८ मध्ये त्यांनी तिथे वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. इमारती आल्या त्याही बेताच्या. १९३५ मधले ‘श्यामली’ हे त्यांचे घर तर छतासकट मातीचे. २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरजवळच्या तिवई डोंगरावर कृष्णमूर्ती फाउंडेशनने १९९५ मध्ये सह्याद्री स्कूल सुरू केली. तिथेही डोंगरमाथ्यावर झाडे लावण्याचे काम शाळेबरोबरच वाढत गेले. जागा उघडी असेल तर क्रम उलटा करता येतो: कुंपण, पाणी आणि झाडे आधी, मग जमेल तशा खोल्या.

महाराष्ट्रात शहरी भागात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कायदा झाड तोडणे अडवतो. मुळांवर भराव टाकणे तो क्वचितच पकडतो. मुळांची राखण शाळेलाच करावी लागेल.

तुम्ही एखाद्या संस्थेच्या मंडळावर किंवा गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर असाल आणि नव्या खोल्यांचा विषय निघाला, तर वास्तुकाराच्या किंवा अभियंत्याच्या पहिल्या बैठकीत एक कागद मागा. त्यावर जागेतले प्रत्येक झाड असू द्या: जात, खोडाचा घेर, मुळांचे वर्तुळ, सावली सकाळी आणि दुपारी कुठे पडते ते, आणि पावसाचे पाणी कुठून कुठे वाहते ते. मोजायला एक टेप आणि चुन्याची पिशवी पुरते. सातवी-आठवीची मुले शिक्षकांबरोबर एका सुट्टीच्या दिवशी हे काम हौसेने करतील. तो नकाशा भिंतीवर लागल्याशिवाय पायाची आखणी करू देऊ नका.